गाडी कुणामुळे अडखळते

सुनेचं वागणं थोरल्या बाईंना मुळात पटतच नव्हतं. काही सांगावं तर "हो आई" म्हणायची आणि करायची मात्र आपल्याच मनाचं. भांडली असती तर परवडलं असतं, भांडणाऱ्याला उत्तर तरी देता येतं. हसऱ्या तोंडाच्या माणसाला काय देणार, कप्पाळ? त्यात आता हे गाडीचं लचांड.

व्हॅन एकोणतीस वर्षांची. बाईंच्या नवऱ्यानं घेतली तेव्हा लॉन्ड्रीत दोन हौद आणि एक इस्त्री एवढंच होतं. आता धुलाईची चार मशिनं होती, इस्पितळाच्या चादरींचं काम होतं, नवरा मात्र नव्हता. व्हॅन होती. तिला कुणी धसमुसळेपणानं चालवलं की बाईंना आपल्याच पायावर कुणी पाय दिल्यासारखं व्हायचं.

आणि ती व्हॅन गेला दीड महिना अडखळत होती. चांगली चालता चालता उचकी लागल्यासारखी दचकायची, मागून फट् करायची आणि जणू काही घडलंच नाही अशी पुढे निघायची. दोनदा तर भर चौकात बंद पडली. मागे चादरींचे गठ्ठे, पुढे हॉर्नचा कल्लोळ, आणि इस्पितळातून फोनावर फोन.

"क्लच सोडायची घाई करतेस तू," बाई म्हणाल्या.

"हो आई," सून म्हणाली. "पण मी एकटी जाते ना, तेव्हा ती एकदाही दचकत नाही. तुम्ही शेजारी बसलात की मगच. मला वाटतं, गाडी तुम्हाला भिते."

मुलगा पाणी पिताना ठसकला.

"भ्यायलाच हवं," बाई म्हणाल्या. "घरात दुसरं कोण भितंय मला?"

ठसका ओसरल्यावर मुलानं तोंड पुसलं आणि मुद्द्याचं बोलला. शनिवारी भंगारवाला व्हॅन बघायला येणार होता. तोवर खोट सापडली तर ठीक, नाहीतर गाडी द्यायची. "इस्पितळाचं काम गेलं तर आपण काय एकमेकांच्या चादरी धुवायच्या, आई?"

बाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

लिहिणं त्यांना सहीपुरतंच येई. तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या गाडी दचकेल त्या दिवशी फुली मारत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मशिनं घरघरत असताना त्या कॅलेंडरापुढे उभ्या राहिल्या. ऊन होतं म्हणावं तर ढगाळ दिवशीही फुली. गठ्ठे जड होते म्हणावं तर रिकाम्या खेपेलाही फुली. सलग दोन दिवस फुल्या, मग पाच दिवस काहीच नाही. पेट्रोल? रस्ता? सुनेची चप्पल? कशाचा कशाला मेळ बसेना. एकच गोष्ट जुळत होती, आणि नेमकी तीच त्यांना बघायची नव्हती. फुली होती त्या प्रत्येक दिवशी त्या स्वतः गाडीत होत्या.

"खोटं बोलते ती," त्या कॅलेंडरला म्हणाल्या. "एकटी असताना दचकली तर सांगत नसेल." पण सून लबाड नव्हती, हेही त्यांना ठाऊक होतं. तिथंच सगळा घोळ होता.

गुरुवारी त्या स्वतः गॅरेजात गेल्या. सून चालवत होती, बाई शेजारी. वाटेत गाडी दोनदा दचकली. दोन्ही वेळा बाईंनी सुनेच्या पायाकडे पाहिलं, आणि पाय बिचारा जागच्या जागी होता.

मेस्त्रीला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तो ही व्हॅन दुरुस्त करत होता. आता त्याला चाळशी लागली होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर टेकवून तो डॉक्टरासारखा ऐकत बसायचा. महिन्याभरात त्यानं प्लग बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, कार्बोरेटर उघडून धुतला होता.

बाईंनी कमरेच्या जुडग्यातून व्हॅनची किल्ली नखानं सोडवली आणि तेवढीच त्याच्या हातावर ठेवली. हा त्यांचा नेम. कपाटाची, कोठीची, साबणाच्या पेटीची, गल्ल्याची, सगळ्या किल्ल्या एका कड्यात, आणि कडं बाईंच्या नजरेसमोर. त्या गाडीत असल्या तर जुडगा स्टिअरिंगपाशी लटके. गाडी त्यांच्याविना बाहेर निघाली, किंवा मेस्त्रीच्या हाती गेली, की सुटी किल्ली. घराच्या किल्ल्या घराबाहेर फिरवायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

मेस्त्रीनं अर्धा तास ऐकलं. "काकू, इंजिन ठणठणीत आहे."

"ठणठणीत? मग काय माझे कान वाजतात?"

"तिला म्हणावं, माझ्यासमोर एकदा तरी दचक."

"पाहुण्यांसमोर पोर गाणं म्हणत नाही, तसं झालंय तिचं. तू काहीतरी युक्ती कर."

मेस्त्रीनं लांब वायर घेतली, ठिणगीच्या कॉइलला जोडली, खिडकीतून आत ओढली आणि टोकाला एक छोटा दिवा लावून तो समोर चिकटवला. "आता हिच्यावर पहारा. गाडी दचकली आणि दिवा पेटताच राहिला, तर खोट पुढे, प्लगात नाहीतर पेट्रोलात. दिवाही विझला, तर वीज मागेच कुठंतरी तुटतेय."

तिघं निघाले. सून चालवायला, मेस्त्री मध्ये, बाई खिडकीशी. चढ झाला, उतार झाला, खड्ड्यांचा रस्ता झाला, इस्पितळाचं वळण चारदा झालं. तासभर व्हॅन लोण्यासारखी चालली. दिवा ढिम्म.

"काय गं," बाई म्हणाल्या, "बसलेय ना मी शेजारी? कुठं गेलं गाडीचं भिणं?"

"हो आई," सून म्हणाली. या खेपेला ती हसली नाही.

जिंकल्याचा आनंद पुढच्या वळणापर्यंतसुद्धा टिकला नाही. सुनेचा पाय नाही, आपण नाही, इंजिन नाही, मग दीड महिना दचकत होतं ते काय? आणि सापडलं नाही तर परवा शनिवार. भंगारवाला टायरला लाथ मारून बघणार, आपण दारात उभ्या राहून बघणार. बाईंना एकदम गाडीची सीट हातानं चाचपावीशी वाटली, आणि त्यांनी ती चाचपली.

गॅरेजात परतल्यावर मेस्त्रीनं हात टेकले. "दिवा राहू द्या तसाच. मी नवी कॉइल आणून बघतो. दुकान तुमच्याच वाटेवर आहे, सोडता का?"

काम संपलं होतं, म्हणून बाईंनी किल्ली परत मागून घेतली, जुडग्यात ओवली आणि सुनेच्या हाती दिली. पुन्हा तिघं बसले. गाडी सुरू झाली.

दुसऱ्याच वळणाला फट्! गाडी दचकली. दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"बघ! बघ!" बाई ओरडल्या. "विझला!"

मेस्त्री दिव्याकडे बघतच नव्हता. तो स्टिअरिंगच्या खाली बघत होता. पुढे खड्डा आला, फट्, दिवा गेला. मेस्त्रीनं हात पुढे केला आणि लटकणारा जुडगा तळव्यावर अलगद उचलून धरला. खड्डा, खड्डा, वळण, काही नाही. हात काढला. फट्.

"ताई, बाजूला घ्या," तो म्हणाला.

गाडी थांबली. मेस्त्रीनं जुडगा मोजला. "सतरा किल्ल्या! आणि हे काय, घोड्याची नाल?"

"कोठीचं जुनं कुलूप आहे ते," बाई म्हणाल्या. "किल्लीबरोबर असावं म्हणून."

"काकू, हा स्विच आतून झिजलाय. एवढं वजन हिंदकळलं की ते किल्लीला ओढतं, वीज क्षणभर तुटते. सुटी किल्ली लावली की सगळं सुरळीत. माझ्याकडे तुम्ही दरवेळी सुटीच दिलीत, मला सापडणार कसं? स्विच उद्या बदलतो, पण हे ओझं पुन्हा टांगलंत तर तोही झिजेल."

दुकान समोरच होतं. मेस्त्री उतरला आणि शहाण्यासारखा मागे न बघता गेला.

गाडीत दोघीच उरल्या. सून खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"मी काही बोलले नाही, आई," शेवटी ती म्हणाली.

"तेच तर. तुझं न बोलणंच जास्त ऐकू येतं मला."

बाईंनी जुडगा मांडीवर घेतला. कड्यातून व्हॅनची किल्ली निघता निघेना. नख दुमडलं, तरी त्यांनी सुनेला मदत करू दिली नाही. निघाल्यावर ती त्यांनी थोडा वेळ मुठीत धरली. मग सुनेच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटवली.

"ऐक. गाडी तू बरी चालवतेस. हे मी एकदाच म्हणणार, पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन. ही किल्ली आजपासून तुझ्यापाशी. आणि नवऱ्याला सांग, भंगारवाल्याला येऊ नको म्हणावं. खोट गाडीत नव्हती, तुझ्या पायातही नव्हती, सासूच्या कमरेला लटकत होती. आता 'हो आई' म्हणालीस तर इथंच उतरून चालत जाईन मी!"