थोपटणाऱ्या वहिनी

"वहिनी, आता अंगाई पण म्हणा!" पलीकडून कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग हसली.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कोंबडीचे पाय वरून सरकणाऱ्या साखळीच्या कडीत अडकवले, उलट्या लटकलेल्या छातीवरून तळवा हलकेच खाली नेला आणि क्षणभर तसाच ठेवला. फडफड थांबली. कोंबडी सरकत पुढे गेली, पाण्याच्या टाकीत तिचं डोकं बुडालं, करंट बसला आणि ती बेशुद्ध होऊन सुरीपाशी पोचली. सुरीवर वहिनींचा धाकटा दीर. त्याच्या एकट्याच्या वहिनी हळूहळू अख्ख्या कारखान्याच्या झाल्या होत्या.

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. "बाहेर गाड्या उन्हात उभ्या आहेत, वहिनी. पिंजऱ्यातच मरतायत कोंबड्या. आणि इथे तुमच्या पुढून कड्या रिकाम्या जातात. आज हे थोपटणं सोडून बघा. नाही जमलं तर पॅकिंगला पाठवावं लागेल."

पॅकिंग म्हणजे बसून काम, पगार तोच. दुसरी कोणी एका पायावर तयार झाली असती. वहिनींना मात्र ते नको होतं. लग्न झाल्यापासून त्या इथेच उभ्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत या कामात त्यांचं स्वतःचं असं काही असेल, तर तो क्षणभर टेकवलेला हात.

त्यांनी तो टेकवणं सोडलं. कड्या भरून जाऊ लागल्या. कोंबड्या फडफडतच टाकीवर पोचू लागल्या. पसरलेला पंख आधी पाण्याला लागला की झटका पंखालाच बसतो, कोंबडी मान वर घेते आणि डोकं कोरडंच पलीकडे जातं.

थोड्या वेळाने दीर सुरी ठेवून आला. एरवी हा माणूस घरीसुद्धा तोंड उघडायचा नाही.

"वहिनी, बरं नाही का तुम्हाला?"

"का हो, भाऊजी?"

"जाग्याच येतायत. माझ्याकडे बघतायत."

पुढच्या कोंबडीवर वहिनींचा तळवा पुन्हा टेकला, आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. कड्या रिकाम्या जाऊ लागल्या. सुपरवायझरने जमेल तेवढा वेळ कानाडोळा केला. दुपारी मात्र तो समोर येऊन उभा राहिला.

"राग मानू नका."

"राग कसला? त्या गाडीतल्यांचेही हालच की."

पॅकिंगच्या खोलीत गारठा होता. सोललेल्या, पांढऱ्या कोंबड्या पट्ट्यावरून येत होत्या. वहिनींनी पहिली उचलली, छातीवरून हात खाली नेला आणि क्षणभर थांबल्या.

शेजारची मुलगी फिस्सकन हसली. "अहो मावशी, मेलेली आहे ती!"

"माहीत आहे गं," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं.

भिंतीपलीकडे फडफड चालली होती. पट्ट्यावरून पुढची आली. वहिनींनी तिच्या गार छातीवर तळवा ठेवला.