दीर्घिकेतली बारीक रेष

या, बसा. मी फोटोची निगेटिव्ह बोलतेय. उजेडाकडं धरलंत तर माझ्यावर काळा भोवरा दिसेल. कोट्यवधी वर्षं चालत आलेला उजेड आहे तो.

जालन्यातल्या मस्तगडला श्रीपतींचं धान्याचं दुकान. त्यांचे थोरले बंधू दीनानाथ शाळेत फार गेले नव्हते. पण पुस्तकं मागवून, काच घासून घासून आठ महिन्यांत त्यांनी दुर्बिणीचा आरसा केला. आरसा चमकला आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत नजर राहील. दुर्बिणीतलं अंधुक काही त्यांना दिसेना. श्रीपतींनी ठरवलं, सप्तर्षींच्या शेपटाजवळची भोवऱ्यासारखी दीर्घिका फोटोत धरायची आणि मोठी करून दादाला दाखवायची.

१९८६ सालातली वैशाख अमावस्या. वाटूरजवळचं शेत. मी दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यात. तारे सरकतात, म्हणून पन्नास मिनिटं हातानं स्क्रू फिरवत दुर्बीण त्यांच्या मागं न्यायची. श्रीपतींची बोटं घाई करत होती. तेव्हा दीनानाथ बाजेवरून धान्य मापायच्या ठेक्यात मोजू लागले, "लाभ... दोन... तीन..." मापताना आमच्याकडं 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात.

"दादा, थकलात का?"

"तू स्क्रू फिरव. थांबलास तर भोवऱ्याची शेवई व्हईल!"

जालन्यात स्टुडिओवाल्या पुंजारामनं मला धुतलं. निगेटिव्हवर काळं आभाळ कोरंच दिसतं. रीळ कापताना चौकट कुठं संपते त्याला कळेना. अंदाजानं कात्री चालवली, ती बराबर दीर्घिकेच्या मधून.

"शेठ, मला वाटलं रीळ कोरंच हाय. परत काढा की."

"आता पावसाचे ढग येतेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दादाचे डोळे थांबतेत का?"

दोन्ही तुकड्यांचे मोठे फोटो काढून श्रीपतींनी ते खळीनं जोडले. मधे बारीक रेष राहिलीच. दीनानाथांनी कागदाला नाक लावलं. बोट भोवऱ्यावरून फिरत फिरत रेषेशी थांबलं.

"श्रीपती, ही सरळ रेष कशाची रे?"

ज्यानं दुकानात कधी काटा मारला नाही, तो माणूस म्हणाला, "आभाळातच हाय ती, दादा."

"बघ! माझ्या आरशानं धरली!"

दिवाळीआधीच नजर गेली. त्याला वीस वर्षं होत आली. दीनानाथ अजून गिऱ्हाइकांना त्या रेषेबद्दल सांगतात, अन् श्रीपती दर वेळी पाणी आणायला म्हणून आत जातात. मी फडताळात, दोन पाकिटांत पिवळी पडून राह्यले.

आता चांगल्या दुर्बिणी आल्यात म्हणे. जरूर बघा. रेष दिसणार नाही. मस्तगडला आलात, तर तेवढं मात्र दीनानाथांना सांगू नका.