बोल्टवरची लाल खूण

आमोदनं गाडी दुकानासमोर अशी लावली की शेजारच्या गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायकांना वळसा घालून जावं लागलं. पांढरी अँबॅसिडर, एकोणीसशे सहासष्टची. तो उतरला, गॉगल डोक्यावर सरकवला आणि म्हणाला, "काकू, हिचा ओरिजिनल रेडिओ तुमच्याकडे आहे म्हणे. फॅक्टरी फिटेड. मी ऑनलाइन सगळीकडे सर्च केलं, जुन्या बाजारात तीन रविवार घालवले. शेवटी ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या आजी म्हणाल्या, तो बिबवेवाडीत चांदभाईंकडेच राहिलाय."

"आधी विचारलं असतं तर तीन रविवार झोप झाली असती," मी म्हणाले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. तो हसला. मी मात्र गाडीचा नंबर वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

ती वैजनाथरावांची गाडी होती. वैजनाथराव खडकीच्या फॅक्टरीत होते. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर ही गाडी त्यांनी कुणाकडून तरी घेतली आणि पोरीसारखी सांभाळली. दिवाळीनंतर ते वारले, एवढं आमोदकडून कळलं. सोळा वर्षांपूर्वी ह्याच गाडीपायी माझा मुलगा जावेद दुकानातून गेला. गाडी परत आली, तो आला नाही.

दुकानावर पाटी आहे 'चांद ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स'. नवऱ्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. पाटीवर आहे तेवढं पुरे. ते जाऊन चार वर्षं झाली. डायनामोची वाइंडिंग मी लग्नानंतर वर्षभरातच शिकले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तारा गुंडाळायच्या आणि पुढे काय चाललंय ते नुसतं ऐकायचं, असं तीस वर्षं केलं. ते गेल्यावर पुढे येऊन बसले. बाईमाणूस गाडीखाली काय बघणार, असं म्हणणारे पहिले सहा महिने म्हणाले. मग त्यांच्याच गाड्या बंद पडायला लागल्या.

रेडिओ माळ्यावर होता, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. इतकी वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. ह्यांनी तो फेकून का दिला नाही, हे विचारायचंही मला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. त्या काळच्या काही गाड्यांत उलटं असे, पत्र्याला पॉझिटिव्ह. ह्या रेडिओच्या पाठीत, झाकणाखाली, एक पिन आहे, ती गाडी असेल तशी फिरवायची. चुकली तर रेडिओ जळतो. म्हणून ह्यांची एक रीत होती. ज्या गाडीच्या पत्र्याला पॉझिटिव्ह, तिथल्या बोल्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. नेलपॉलिश माझी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं घेऊन आले होते. ती लावली की नखाला पाणी लागत नाही, नमाजाआधीचं वजू होत नाही, म्हणून मी लावली नाही. बाटली दुकानात गेली, आणि ती संपल्यावर तसलीच दुसरी आणायची पद्धत पडली. आणि दुकानाचा कायदा असा, की जिथे ह्यांची खूण आहे तिथे पुन्हा मीटर लावायचा नाही. लावला तर म्हणायचे, "माझ्यावर भरवसा नाही का?"

ऑगस्ट होता, रोजे सुरू व्हायला आठवडा होता. वैजनाथरावांचा रेडिओ दुरुस्त होऊन आला होता. जावेद एकोणीस वर्षांचा, हात चांगला बसलेला. त्यानं खूण पाहिली, पिन फिरवली, रेडिओ बसवला आणि बटण दाबलं. जळका वास मागच्या खोलीपर्यंत आला. वैजनाथराव ओरडत होते, ऐकायला चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि ह्यांनी त्या चौघांदेखत जावेदच्या थोबाडीत मारली. म्हणाले, "ज्याला डोळे नाहीत त्यानं माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही."

जावेद मागे माझ्याकडे आला. गालावर बोटं उमटली होती. आमच्या घरातलं बोलणं अर्धं हिंदी, पण ते मी मराठीतच सांगते. म्हणाला, "अम्मी, खूण लाल आहे. तू बाहेर ये. एकदा बघ."

मी म्हणाले, "अब्बांना उलट बोलू नकोस."

वैजनाथरावांनी रेडिओ तिथेच टाकला, गाडी काढली आणि पुन्हा कधी आले नाहीत. जावेद संध्याकाळी गेला. आता तो पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात असतो, नव्या सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवतो. बायको आहे, मंतशा. मुलगी आहे, अरिबा. ईदला येतो, तासभर बसतो, शीरखुर्मा अर्धा ठेवतो. पुण्यातल्या पुण्यात असूनही पाहुणा. मंतशानं मला एकदा हळूच सांगितलं, घरात फ्यूज उडाला तरी तो हात लावत नाही, बाहेरून माणूस बोलावतो. एवढा हुशार हात माझ्या पोराचा.

तर आमोदनं बॉनेट उघडलं. बॅटरी नवी होती, पण वायरी जुन्याच, दोन्ही काळ्या, ग्रीसनं माखलेल्या. मी चष्मा लावला, फडक्यानं बोल्ट पुसला आणि खाली लाल निघालं. सोळा वर्षांनीही लाल.

म्हणजे पोरगं खरं बोलत होतं.

मी किती वेळ वाकून उभी होते कोण जाणे. आमोद म्हणाला, "काकू, काही इश्यू आहे का?"

"गप बस जरा," मी म्हणाले आणि आत जाऊन ह्यांचा काट्याचा मीटर आणला. ह्यांच्या खुणेवर मी मीटर लावायची ही पहिलीच वेळ. मीटरची लाल वायर पत्र्याला, काळी बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. खूण खरी असती तर काटा पुढे गेला असता. तो मागे जाऊन अडला. पत्रा निगेटिव्ह होता. खूण खोटी होती.

बॅटरीची जोडणी कुणी फिरवली, कधी फिरवली, काही कळेना. नवी बॅटरी ज्यानं लावली त्यानं केलं असेल, असं मनाला समजावत मी रेडिओ बाकावर घेतला आणि पिन बघायला झाकणाचे स्क्रू काढले. आत पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. प्रत्येक कामाला चिठ्ठी बांधायची, हीही ह्यांचीच रीत. अक्षर ह्यांचं, मराठी शाळेत घोटवलेलं, सरळ.

'रेडिओ दुरुस्त. जळालेले ट्रान्झिस्टर बदलले. गाडीची बॉडी आता निगेटिव्ह. मोबाइल चार्जरसाठी जूनमध्ये मीच जोडणी फिरवली होती, खूण खरवडायची राहिली. बसवणाऱ्यानं पिन त्याप्रमाणे लावावी.' खाली सही आणि तारीख, चौदा नोव्हेंबर दोन हजार नऊ.

तीन महिने. तीन महिन्यांत ह्यांना आठवलं होतं. जळका रेडिओ स्वतः नीट केला, चिठ्ठी लिहिली, झाकण लावलं, माझ्या ओढणीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि खाली उतरून माझ्या हातचा चहा प्यायले. त्यानंतर बारा वर्षं जगले. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे कोण रेडिओ बसवेल त्याचं नुकसान होऊ नये, एवढी काळजी ह्या माणसाला होती. ज्यानं मार खाल्ला त्याला चार शब्द सांगवले नाहीत. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. बाकावर हात आपटला, स्क्रू खाली सांडले, आणि आमोद बिचारा गुडघ्यावर बसून ते गोळा करायला लागला.

काम मी पुरं केलं. पिन निगेटिव्हला लावली, फ्यूज घातला, वायरी जोडल्या. मग ब्लेड घेऊन तो लाल ठिपका खरवडायला लागले.

"अहो काकू, राहू द्या ना! ओरिजिनल आहे ते, कॅरेक्टर आहे गाडीचं."

"ओरिजिनल नाही," मी म्हणाले. "चूक आहे."

बटण दाबलं. रेडिओच्या काचेमागे पिवळा दिवा लागला, खरखर झाली आणि बाजारभाव सांगणारा एक संथ आवाज आला. आमोदनं मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. "काकू, यू आर अ लेजंड," म्हणाला. मला त्या आवाजाचं काहीएक वाटलं नाही. गाडी गेली, गिरणीची वाट मोकळी झाली, आणि मी चिठ्ठी हातात घेऊन जावेदला फोन लावला.

पलीकडे पाण्याचा आवाज होता. "बोल अम्मी. तब्येत बरी ना?"

मी सगळं सांगितलं. गाडी, बोल्ट, मीटर. म्हणाले, "तुझी चूक नव्हती, बेटा. खूण चुकीची होती."

 त्यानं विचारलं, "अब्बांना कळलं होतं?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. नाही म्हणाले असते तर गेलेला माणूस स्वच्छ राहिला असता आणि चिठ्ठी मी चुलीत घातली असती. पण आमच्या घरात आणखी एक खोटी खूण मला ठेवायची नव्हती.

"हो," मी म्हणाले. "नोव्हेंबरात. लिहून ठेवलंय."

"नोव्हेंबरात मी मार्केट यार्डात पोती उचलत होतो," तो म्हणाला. "दुकानापासून दहा मिनिटांवर. ते रोज तिथून स्कूटरवरून जायचे. मी बघायचो." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"त्यांना लाज वाटली असेल रे."

"असेल." मग म्हणाला, "अम्मी, मी तुला त्या दिवशीच सांगितलं होतं. तुला मीटर बघता येत होता. तू का नाही आलीस बाहेर?"

मागच्या खोलीतून गाडीपर्यंत पंधरा पावलं आहेत. सोळा वर्षं मी ह्यांना दोष दिला, वैजनाथरावांना दिला, मनातल्या मनात जावेदलाही दिला. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"हातात तार होती," मी म्हणाले. "अर्धी गुंडाळून झाली होती. सोडली असती तर सगळी सुटली असती." ते खरं होतं.

"हं," तो म्हणाला.

"एकदा दुकानात ये, जावेद. चिठ्ठी तुझ्या डोळ्यांनी बघ."

पाण्याचा आवाज थांबला. कुणीतरी त्याला हाक मारली. "टँकर भरला, अम्मी. ठेवतो," तो म्हणाला. "ईदला येतोच की मी."