डाव्या हाताची माशी

मी एक जुना चिमटा आहे. चुलीजवळचा नव्हे आणि गोसाव्याच्या हातातला तर नव्हेच. मला टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवतात, माझ्या जबड्यात मासे धरायचा बारीकसा गळ पकडतात आणि त्या गळावर पिसं, दोरा आणि जरीची तार गुंडाळून खोटी माशी बांधतात. पाण्यातला मासा तिला खरी समजून भुलतो. माशांसाठी माशा, मित्रांनो, अशी आमच्या धंद्याची गंमत आहे.

मला नागोजीने घडवलं. तो गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत असे. पोलादाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने मला केलं ते आपल्या बायकोसाठी, अंबूताईसाठी. अंबूताई पूर्वी नदीकाठच्या एका रिसॉर्टात स्वयंपाकाला होती. तिथले पाहुणे खोट्या माशीने मासा धरत आणि परत पाण्यात सोडून देत. "सोडायचाच तर धरायचा कशाला?" म्हणून ती हसली खरी, पण माशी कशी बांधतात ते नीट बघून आली. पुढे पणजीतला मुकुल नावाचा दुकानदार तिच्या माशा विकायला घेऊ लागला. कोंबडीवाल्याकडची पिसं आणि इरकली लुगड्याचं सुटलेलं रेशीम यांतून तिने जी माशी केली, तिला गिऱ्हाईक नाव घेऊन मागे.

आम्ही राहायचो त्या उणकलच्या गल्लीत मात्र चेष्टा होई. "अंबूताई दिवसभर करते काय? माशा मारते," असं शेजारणी म्हणत. "मारत न्हाई गं, बांधते," असं ती सांगे आणि पुन्हा माझ्यावर वाकून बसे.

अंबूताई डावखुरी होती. सासूच्या धाकाने तिने वाढणं, हळदीकुंकू, देवाची पूजा, सगळं उजव्या हाताने शिकून घेतलं होतं. डावा हात घरभर पदराआड असायचा. माझ्यापाशी आला की तो मोकळा होई. दोरा डावीकडून येई, गळाभोवती फिरे आणि घट्ट बसे. मला तो हात फार आवडायचा, हे सांगायला मी लाजत नाही. वर्षानुवर्षं त्याच बाजूने ओढ बसून माझे जबडे एका अंगाला झिजले आणि गळ माझ्यात डावीकडे कलून बसू लागला. तिला ते कधी खुपलं नाही, कारण ती झीज तिच्याच हाताची होती.

मागच्या थंडीत छातीच्या दुखण्याने अंबूताई गेली. मला कोणी हात लावेना. मी टेबलाच्या कडेला तसाच राहिलो, अंगावर गंज चढू लागला, आणि जबड्यात तिची अर्धी बांधलेली माशी तशीच होती.

तिची मुलगी योगिता उजव्या हाताची. नागोजीचं काम कधीच सुटलेलं, घर तर चालवायला हवं, म्हणून एके दिवशी ती माझ्यापुढे बसली आणि आईची अर्धी माशी काढून तिने नवा गळ लावला. उजवीकडून दोरा घातला की तो निसटे. पुन्हा घाली, पुन्हा निसटे. कंटाळून तिने दोरा डाव्या हातात घेतला आणि तो घट्ट बसला. थोड्याच दिवसांत तिच्या माशा अशा उतरल्या की मुकुलने फोनवर विचारलं, "हा अंबूताईंचाच हात. जुन्या माशा सापडल्या काय?"

योगिताला आधी बरं वाटलं. नंतर वाटेनासं झालं. इथेच कुठेतरी माशी शिंकली. एका सकाळी देवाला कुंकू लावताना तिचा डावा हात पुढे गेला, आणि ती त्या हाताकडे अशी बघत राहिली की जणू तो कोणी दुसऱ्यानेच पुढे केला होता. इकडे नागोजी दोऱ्याच्या रिळाचा करकर आवाज ऐकत दारात बसून राही. टेबलावर तो दोन पेले चहा ठेवू लागला. एक योगिता पिई, दुसरा तसाच निवून जाई.

मग एका दुपारी त्याने दारातून हाक मारली, "अंबू, साकु, पुरे की आता. डोळं दुखतील."

आणि योगिताने ओ दिली.

ओ देऊन झाल्यावर तिचं तिलाच कळलं. हातातलं रीळ खाली पडलं. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी त्या क्षणी मला भीती वाटली. घरात भूत होतं, आणि ते मीच होतो.

योगिताने माझा स्क्रू सैल केला, मला उचललं आणि नागोजीच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी कानस ठेवली.

"अप्पा, ह्याचे जबडे झिजल्यात. गळ तिरका बसतोय. सरळ करून द्या मला."

नागोजीने मला हातात घेतलंसुद्धा नाही. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू बसलीस त्या पहिल्याच दिवशी बघितलं मी."

"मग बोललासा का न्हाई?"

"बोललो असतो तर ती गेली असती."

योगिताने कानस त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आणि मी कुठं जाऊ, अप्पा?"

म्हाताऱ्याने कानस उचलली. माझ्या जबड्यावरून ती फिरली तेव्हा मला दुखलं, आणि त्याला माझ्याहून जास्त दुखत होतं, कारण अधूनमधून त्याचा हात थांबत होता. पण लेथवर जन्म काढलेल्या माणसाला काम अर्धं टाकता येत नाही. काम संपल्यावर जुन्या सवयीने त्याने माझ्यावर फुंकर मारली. लोखंडाचा बारीक चुरा उडाला. आपण काय उडवलं ते त्याच्या मग ध्यानात आलं, आणि तो दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत बसला.

योगिताची उजव्या हाताची पहिली माशी ओबडधोबड झाली. मुकुलने स्पष्टच सांगितलं, "ही अंबूताईंच्या नावाने खपणार नाही."

"तिच्या नावानं नकोच," योगिता म्हणाली. "माझं नाव घाला. हळूहळू खपंल."

आता ती हळूहळू खपते आहे. नागोजी अजून दारात बसतो. परवा त्याने "अं" म्हणून तोंड उघडलं, थोडा थांबला आणि म्हणाला, "योगिता, चहा ठेवू काय?" पेला एकच आला.

माझं म्हणाल तर कधी कधी घरात कोणी नसताना दोरा डावीकडून येतोय असं मला अजून वाटतं. मी गुपचूप वाट बघतो. कोणी येत नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची हत्यारं फेकू नका आणि देव्हाऱ्यातही ठेवू नका. गंज पुसा, तेल घाला, आपल्या हाताजोगी करून घ्या. आम्ही आपणहून सोडत नाही, कारण धरून ठेवणं हाच आमचा धर्म. स्क्रू तुमच्याच हाताने सैल करावा लागतो.