एका घाण्याची जोडी

धाकट्या जावेचं कौतुक कानावर पडलं की भामाच्या पोटात दुखायचं, आणि गौलीगुड्यातल्या त्या घरात ते उठताबसता पडायचं. सासरे अंबाजी लाकडाच्या भुशात चिंचोक्याची शिजवलेली खळ मळून महालक्ष्म्यांचे मुखवटे साच्यात दाबत. भामा इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली राबली. सत्यवती काल लग्न होऊन आली काय आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली काय, "धाकटीच्या हातचाच द्या!"

निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या साली धास्तीनं दारं लावून बसवलेल्या महालक्ष्म्या यंदा वाजतगाजत यायच्या होत्या. हिमायतनगरच्या कुसुमताईंनी नवी जोडी सांगितली. अंबाजींनी थोरलीचा मुखवटा भामाला दिला, धाकटीचा सत्यवतीला.

या खेपेला भामानं जीव ओतला. साच्यातून काढून बोटांनी घोटलेला चेहरा असा शांत की तिचा तिलाच विश्वास बसेना. कुसुमताई आल्या त्या थेट त्यापाशीच थांबल्या.

"अगंबाई, ही तर बोलेल आता!" मग शेजारी बघून म्हणाल्या, "अन् ही हसतेय बघा!"

झालं. भामाच्या आनंदावर विरजण पडलं. एक दिवस, एकच दिवस तिला सगळं कौतुक एकटीला हवं होतं.

दुपारी घर पेंगलं तसा तिनं सत्यवतीचा ओला मुखवटा सावलीतून उचलला आणि गच्चीवर रखरखत्या उन्हात ठेवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेल्यावर मुकाट्यानं परत आणला.

संध्याकाळी अंबाजींनी तो पाहिला. "ऊन लागलं याला. कुणी ठेवलं?"

"माझंच चुकलं असेल, मामंजी," सत्यवती पुटपुटली. "मी दुसरा करते."

"नक्को. दुसऱ्या घाण्याचा लगदा कमीजास्त आटतो. एक बहीण मोठ्या तोंडाची, एक लहान, असं चालत नाही. दोन्ही मोडा. एकत्र भिजवून पुन्हा मळू."

भामानं झटकन आपल्या मुखवट्याकडं पाहिलं. घाण्याचा हा नियम तिला नवा थोडाच होता? जळफळाटात आठवलंच नव्हतं.

सत्यवती रडू लागली. "माझा जाऊ द्या. पण अक्कांचा नका ना मोडू! असा चेहरा माझ्या हातून कधी व्हायचा नाही, मामंजी."

जे ऐकायला भामा आसुसली होती, ते हेच. अंबाजींनी पाण्याचं घमेलं पुढं सरकवलं आणि तिचा मुखवटा तिच्याच हातात दिला.

"घे. तूच मोड."