अंगुस्तान कुठे आहे?

माझं अंगुस्तान जागा सोडायला लागलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते पितळी टोपण मी शिलाई मशीनच्या खणातच ठेवते. ते एकदा उशीखाली सापडलं, मग आरशामागे, मग भावाच्या बुटात. घरात माणसं तीन: मी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ सुतार. त्याला कानावरची पेन्सिलही सापडत नाही, तो माझं अंगुस्तान काय लपवणार! राहिली कोण?

भावजयीवर मी नजर ठेवली. नवरा गेल्यावर मी या वडिलांच्या घरात परत आले, ते मशीन आणि खिडकीजवळचा कोपरा एवढ्यावर. तेवढ्यावरही हिचा डोळा असेल तर मी जायचं कुठे? एका दुपारी ती माझ्या गादीखाली हात घालून काहीतरी पुटपुटताना दिसली. काय शोधतेस, असं मी दारातूनच विचारलं.

ती दचकली. मूठ उघडली, आत अंगुस्तान.

"वन्सं, इंग्रजीचा क्लास लावलाय," ती ओशाळून म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, एक वस्तू घरभर हलवायची आणि ती कुठे आहे ते बोलायचं."

हे खरं की थाप, ते मी तिथेच तपासलं. अंगुस्तान डब्यात टाकलं. ती म्हणाली, इन द बॉक्स. पलंगाखाली सरकवलं. अंडर द बेड. आपण आधी पलंग म्हणतो आणि मग त्याला 'खाली' चिकटवतो. इंग्रजीत 'खाली' आधी येऊन बसतं, पलंग मागून येतो. मला तर भलतीच गंमत वाटली. 'विथ' म्हटलं की त्याच्यामागून आपल्या सोबतचा माणूस येतो, हेही तिने समजावलं. माझं मन निवळलं आणि रोज दुपारी मीच अंगुस्तान लपवायला लागले.

पण घरात इंग्रजी बोलायचं कोणाशी? काज करताना हा प्रश्न डोकं खायचा. भावाला विचारलं, तर त्याने न बोलता रंध्याचं पातं घासायला घेतलं. तो असा गप्प बसला की पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग एका संध्याकाळी आतल्या खोलीतून दोघांचं बोलणं कानावर आलं. व्हिसा देणारा साहेब काय काय विचारेल, ते भाऊ तिच्याकडून घोकून घेत होता.

"तिकडे कोणाबरोबर राहणार?"

"विथ माय हजबंड."

मी सुई तशीच धरून थांबले. 'विथ'च्या मागून अजून कोणीतरी येईल, असं वाटलं मला.

"बस, एवढंच," भाऊ म्हणाला. "आणि इथल्या घराचं विचारलं तर विकायला काढलंय म्हण."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतका राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दुपारी भावजय नेहमीसारखी हसत आली. मी अंगुस्तान बोटात चढवलं आणि बोट तिच्यासमोर धरलं.

"ऑन युवर फिंगर," ती म्हणाली.

"तिथेच राहील," मी म्हणाले. "आणि मी या मशीनवर. नवऱ्याला सांग, घर आमच्या वडिलांचं आहे. विकायला माझी सही लागते."

मी कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन सुरू केलं.