आजोबांचे तीन मग

आमच्या बव्हेरियात सोळाव्या वर्षी बिअर मिळते, पण अठरा पूर्ण होईपर्यंत गाडी एकट्यानं चालवता येत नाही. सतरा वर्षांच्या वेरेनाच्या परवान्यासोबतच्या कागदावर सोबती म्हणून आलोइस आजोबांचं नाव होतं. दुपारी जत्रेहून परतताना पोलिसानं गाडी अडवली. वेरेनाच्या फुंकरीत काहीच निघालं नाही. मग त्यानं नळी आजोबांपुढे धरली. सोबती प्यायलेला निघाला तर परवाना जाणार होता, आणि "मला काही चढत नाही" म्हणत आजोबांनी तीन मग रिचवले होते.

"शून्य," पोलीस म्हणाला.

वेरेनाचा जीव भांड्यात पडला. "आजोबा, ते तीन मग?"

"बिनदारूची बिअर, पोरी. गावात बोललीस तर बघ, अब्रू जाईल माझी!"